काउंटर बंद झाल्यावर : नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने केलेल्या एम.ए.चा अनुभव

बी.कॉम. होऊन अकरा वर्षे झाल्यावर, येवल्यातील एका पतसंस्थेत लेखनिक म्हणून काम करत असताना, मी २०१५ साली दूरशिक्षणाने अर्थशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. दोन वर्षांचा शिक्षणक्रम पूर्ण व्हायला मला चार वर्षे लागली आणि संख्याशास्त्राच्या पेपरात मी दोनदा नापास झालो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दूरशिक्षणाविषयी बोलणारे बहुतेक लोक एक तर प्रवेश देणारे असतात किंवा पहिल्याच दमात पास झालेले. विद्यापीठाचे आणि अभ्यासकेंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. ज्या अडचणी सांगणार आहे, त्या थोड्याफार फरकाने इतरांकडूनही ऐकल्या आहेत.

आमच्या घरी या शिक्षणाला ‘बाहेरून परीक्षा देणे’ असेच म्हणत. वडिलांच्या पिढीतला बहिःस्थ विद्यार्थी फॉर्म भरायचा, गाइड विकत घ्यायचा आणि थेट परीक्षेला बसायचा. मधल्या काळात तो काय करतो याच्याशी विद्यापीठाला कर्तव्य नसे. दूरशिक्षणामागची कल्पना वेगळी आहे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठात १९७१ साली तशी सोय झाली, १९८२ साली हैदराबादला देशातील पहिले मुक्त विद्यापीठ उभे राहिले, १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले. मुक्त विद्यापीठाच्या पद्धतीत स्वतः वाचून समजतील अशी पुस्तके देणे, स्वाध्याय, म्हणजे घरी लिहून द्यायची उत्तरे, तपासून देणे आणि अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्रे, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याचे तास, घेणे ही विद्यापीठाची कामे मानलेली आहेत. या तिन्ही गोष्टी नीट चालू असतील तर शिक्षण होते. त्या थंडावल्या की वडिलांच्या वेळचे बाहेरून परीक्षा देणेच उरते.

फायद्यांपैकी पहिला पैशाचा आहे, पण तो फीच्या आकड्यात शोधू नये. माझे काउंटर सकाळी दहाला उघडे आणि साडेपाचला बंद होई, आणि एम.ए.चे वर्ग असलेल्या महाविद्यालयाची वेळही साधारण तीच होती. नियमित प्रवेश घेतला असता तर दोन वर्षांचा पगार सोडावा लागला असता, आणि परत आल्यावर जागा शिल्लक राहिली असती याची कोणी हमी देत नव्हते. त्या पगारापुढे फीतली बचत किरकोळ होती.

दुसरा फायदा मला माझ्यापेक्षा आमच्या एका खातेदाराकडे पाहून कळला. हा पैठणी विणणारा माणूस दहावीनंतर हातमागावर बसला तो बसलाच. बारावी न झालेल्यांसाठी नाशिकच्या मुक्त विद्यापीठात तेव्हा असलेला पूर्वतयारी शिक्षणक्रम त्याने वयाच्या चाळिशीत केला आणि त्यावर बी.ए.ला प्रवेश मिळवला. मागाच्या चौकटीला त्याने प्रश्नांचे कागद दोऱ्याने बांधले होते; एकेका उत्तराचे मुद्दे पुटपुटत तो धोटा टाकायचा आणि अडला की मान वर करून कागद पाहायचा. अशा माणसाला वेळापत्रक घालून वर्गात बसवणे कोणत्याही महाविद्यालयाला जमले नसते. परीक्षेच्या हॉलमध्येही माझ्या एका बाजूला निवृत्तीला आलेले पोलीस हवालदार आणि दुसऱ्या बाजूला सहा महिन्यांचे बाळ बाहेर आजीपाशी ठेवून आलेली एक अंगणवाडी सेविका असे, तेव्हा हे दार कोणासाठी उघडे आहे ते दिसत होते.

पुस्तकांबद्दल मी साशंक होतो, आणि ती शंका चुकीची ठरली. दूरशिक्षणाची चांगली पुस्तके वाचकाशी बोलतात. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे असतात, दर चार-पाच पानांनी आपल्याला काय समजले हे तपासण्याचे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे शेवटी दिलेली असतात. ते प्रश्न मी पहिल्या वर्षी सरळ ओलांडून पुढे गेलो आणि त्याचा दंड पुढे भरला. पुस्तकांची खरी अडचण ती पोहोचण्यात होती. पहिल्या वर्षाचा संच माझ्या हाती दिवाळीनंतर पडला, तोही एक पुस्तक कमी. आज इतके अडून राहण्याचे कारण नाही, कारण इग्नूचे अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते आणि २०१७ पासून केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावर अनेक विषयांचे अभ्यासक्रमही आहेत. तरी मोबाइलवर अर्थशास्त्राची आकृती समजत नाही, असे माझे मत आहे. महत्त्वाचे घटक छापून घ्यावेत आणि हाताने आकृत्या काढाव्यात.

आता उणिवांकडे येतो. आमची संपर्क सत्रे रविवारी असत आणि त्यांना यादीतल्या चाळीस जणांपैकी चार-पाचच येत. एका रविवारी तर आम्ही तिघेच होतो. शिकवायला आलेल्या सरांनी घड्याळ पाहिले, खडू घेतला आणि मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, हा घटक काढला. मी तो दोनदा वाचलेला होता, व्याख्या पाठ होती आणि मला तो येतो अशी माझी खात्री होती. सरांनी विचारले, “लासलगावला यंदा कांदा भरपूर आला. शेतकऱ्याकडे पैसा जास्त येईल की कमी?” मी तत्काळ म्हणालो, “जास्त विकला जाईल, तर जास्तच येईल.” सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. गेल्या वर्षी शंभर क्विंटल, दर पंधराशे रुपये, म्हणजे दीड लाख. यंदा एकशेतीस क्विंटल, दर नऊशे, म्हणजे एक लाख सतरा हजार. कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही. मागणी अलवचिक असली की पीक वाढूनही उत्पन्न घटते. आमच्या पतसंस्थेत कांदा पडला की कर्जाचे हप्ते थकतात हे मी दर वर्षी पाहत होतो आणि तीच गोष्ट माझ्या पुस्तकातल्या व्याख्येत दडलेली आहे हे मला तोपर्यंत दिसले नव्हते.

दूरशिक्षणाची सर्वांत मोठी उणीव मी इथे मानतो. पुस्तक तुम्हाला समजावून सांगते, पण तुम्हाला चुकीचे समजले आहे हे ते ओळखू शकत नाही. वर्गात बसणाऱ्याचा गैरसमज शेजाऱ्याच्या वहीत डोकावताना, शिक्षकाच्या एका प्रश्नाने किंवा चहाच्या टपरीवरच्या वादात सहज उघडा पडतो. एकट्याने वाचणाऱ्याचा गैरसमज थेट उत्तरपत्रिकेत उतरतो आणि तेथेही केवळ गुणांच्या रूपाने कळतो. म्हणून संपर्क सत्रे सक्तीची नाहीत असे सांगितले गेले तरी ती चुकवू नयेत, आणि सत्रांना कोणी येतच नसेल तर आपल्या विषयाचा एक तरी सोबती शोधावा. मला तो उशिरा मिळाला, त्याबद्दल पुढे सांगतो.

स्वाध्याय हे प्रकरण नवीन विद्यार्थी हमखास हलक्यात घेतात. इग्नूच्या बहुतेक शिक्षणक्रमांत ३० टक्के गुण स्वाध्यायांना आणि ७० टक्के सत्रान्त परीक्षेला असतात. इतर ठिकाणी प्रमाण बदलते, पण स्वाध्यायाशिवाय निकाल पूर्ण होत नाही हे सगळीकडे सारखेच. आमची स्वाध्यायांची मुदत मार्चअखेर होती, आणि पतसंस्थेत मार्चअखेर म्हणजे काय असते ते त्या कामातल्या माणसालाच ठाऊक. वसुली, ताळेबंद आणि लेखापरीक्षकाची तयारी यांतून रात्री अकरानंतर मी फूलस्केपवर उत्तरे लिहीत बसे. पाचपैकी चार स्वाध्याय मी कार्यालयात देऊन त्यांची शिक्क्यासह पोच घेतली. पाचवा शेवटच्या दिवशी, कार्यालय बंद होताना, ‘ठेवतो साहेबांच्या टेबलावर’ या शब्दावर शिपायाच्या हाती दिला. निकालात पाचव्या स्वाध्यायापुढे ‘गैरहजर’ असे छापून आले. इतर चारांपैकी एका स्वाध्यायाचे गुणही आधी चढले नव्हते, पण त्याची पोच दाखवताच महिन्याभरात दुरुस्ती झाली. पाचव्यासाठी माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते, तो पुढच्या वर्षी नव्या प्रश्नांवर पुन्हा लिहावा लागला. दुसऱ्यांच्या पावत्या फाडण्यात दिवस घालवणारा माणूस स्वतःची पावती घ्यायला विसरला, याचे सहकाऱ्यांनी पुष्कळ दिवस कौतुक केले. ऑनलाइन दाखल करण्याची सोय असेल तेथेही पडद्यावरची पोच जपून ठेवावी.

परीक्षेची अडचण तर मी कल्पनेतही आणली नव्हती. पतसंस्थेचा कारभार संगणकावर गेल्यापासून मी सहीपलीकडे फारसे लिहीत नव्हतो. पहिल्या पेपरला सातव्या पानावर बोटे आखडली, अक्षर फाकले आणि येत असलेला शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला. त्यानंतर जानेवारीपासून रोज एक उत्तर घड्याळ लावून, पेनाने लिहिण्याची सवय ठेवली. नोकरीत असलेल्यांनी वाचनाइतकाच वेळ लिहिण्याला द्यावा.

मान्यतेविषयी गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले की मान्यताप्राप्त संस्थेकडून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाईल, माझ्यासारखे एम.ए. झालेले नेटला, म्हणजे महाविद्यालयात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षेलाही, बसू शकतात. कायद्याचे हे झाले. मला बढतीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला तो “रेग्युलर की बाहेरून?” असा, आणि उत्तर ऐकून एका संचालकांनी गुणपत्रक न पाहताच खाली ठेवले. त्या वर्षी बढती मिळाली नाही, पुढच्या वर्षी मिळाली. कागदावरची बरोबरी माणसांच्या मनात उतरायला वेळ लागतो, हे धरून चालावे.

उलट बाजूचा गैरसमज अधिक महागात पडतो. एखाद्या विद्यापीठाला मान्यता आहे म्हणून त्याचा प्रत्येक दूरस्थ शिक्षणक्रम मान्य आहे असे होत नाही. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर ते विद्यापीठ, तो शिक्षणक्रम आणि ते शैक्षणिक वर्ष असे तिन्ही जुळवून पाहावे लागते. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, विधी यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने देण्यास मनाई आहे. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ग्राह्य धरल्या नाहीत, आणि त्यांपैकी २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना नोकरीत मुरल्यावर पुन्हा परीक्षेला बसण्याची पाळी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने मानसशास्त्र, आहार व पोषण अशा आरोग्यसेवेच्या कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशही थांबवायला सांगितले. म्हणजे मागच्या वर्षी शेजारणीने केलेला शिक्षणक्रम यंदा चालू असेलच असे नाही. राज्याच्या मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे त्या राज्यातच असतात, त्यामुळे दुसऱ्या राज्यातील मुक्त विद्यापीठाचे ‘अधिकृत केंद्र’ आपल्या तालुक्यात कोणी दाखवू लागला तर पैसे काढण्याआधी थांबावे. २०२४-२५ पासून प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो. तो विद्यार्थ्याने स्वतः काढावा, एजंटाच्या मोबाइल क्रमांकावर काढू देऊ नये. ‘एका वर्षात तीन वर्षांची पदवी’ असे फलक लावणाऱ्यांविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही.

बारावी होऊन घरी बसलेली मुले-मुली सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी सहसा त्यांना परावृत्त करतो. गावात महाविद्यालय आहे, फी परवडते आणि घरून विरोध नाही, अशी स्थिती असेल तर अठराव्या वर्षी वर्ग, ग्रंथालय आणि चार मित्र सोडून पार्सलची वाट पाहत बसू नये. एप्रिल २०२२ पासून एक पदवी नियमित आणि दुसरी दूरस्थ अशा दोन पदव्या एकाच वेळी घेता येतात, म्हणून हौशीचा विषय दूरशिक्षणाने जोडून घेता येईल. पण आधी नियमित पदवीचा अभ्यास झेपतो का, हे एक वर्ष पाहावे. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही त्याच्यासाठी मात्र माझे मत बरोबर उलटे आहे. इग्नूत दोन वर्षांचे एम.ए. चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. बाळंतपण, बदली किंवा दुष्काळ मध्ये आला म्हणून केलेले काम वाया जात नाही. ही सवलत अभ्यास लांबवण्यासाठी मात्र वापरू नये, कारण एक पेपर मागे राहिला की पुढच्या वर्षी तो नव्या पेपरांच्या वाट्याचा वेळ खातो. माझे संख्याशास्त्र असेच खात होते.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मी ते पुस्तक कपाटात टाकले होते. पिग्मी, म्हणजे खातेदारांची रोजची छोटी बचत, गोळा करणारा आमच्या पतसंस्थेतला एक मुलगा गणितात बी.एस्सी. झालेला होता, त्याने एकदा माझी उत्तरपत्रिकेची छायाप्रत सहज चाळली आणि म्हणाला, “काका, तुम्ही सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत बदलतात ते, बरोबर काढता आणि त्यावरून एक दुसरीचे कारण आहे हे सिद्ध झाले असे लिहिता. सगळे गुण तिथेच जातात.” तीन वर्षे एकट्याने वाचून जे दिसले नव्हते ते त्याने दोन मिनिटांत दाखवले. मग त्या हिवाळ्यात आठवड्यातून तीन दिवस, साडेपाचला शटर अर्धे खाली ओढून, आम्ही काउंटरच्या आत बसत असू. तो पिग्मीची रक्कम मोजून माझ्या हवाली करायचा, मी ती किर्दीला घ्यायचो, आणि मग पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पाठीवर त्याने घातलेली उदाहरणे सोडवायचो. मे महिन्यातल्या पेपरला मला एकावन्न गुण मिळाले.