फॉर्टीचा आकडा की मॅचची टेप? खेळाडूचा वेग जोखताना या चुका टाळा

गेल्या मार्चमध्ये इथल्या हायस्कूलच्या मैदानावर आम्ही तिघे जण स्टॉपवॉच घेऊन उभे होतो. शेजाऱ्यांचा मुलगा बारावीला, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा. कॉलेजच्या कोचना पाठवायला त्याला चाळीस यार्डांची वेळ हवी होती. पोरगा एकदाच पळाला. माझ्या मोबाइलवर ४.५८ सेकंद, दुसऱ्या गृहस्थांकडे ४.४९ आणि खुद्द वडिलांच्या हातातल्या घड्याळात ४.४१. ईमेलमध्ये कुठला आकडा गेला ते सांगायला नकोच.

अमेरिकेत येऊन कॉलेज फुटबॉलचं वेड लागलेल्या आपल्या लोकांशी बोलताना मला दोन पंथ दिसतात. एक घड्याळवाले. त्यांना फॉर्टीचा, म्हणजे चाळीस यार्डांच्या (३६.५८ मीटर) धावेचा आकडा सांगितला की पुढचं काही ऐकायचं नसतं. दुसरे टेपवाले, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग बघून ठरवणारे, ‘मैदानावर बघा, आकडे काय चाटायचेत?’ म्हणणारे. घड्याळ इंजिन किती सीसीचं ते सांगतं, टेप ती गाडी घाटात कशी चढते ते दाखवते. घोळ होतो तो एकाचा प्रश्न दुसऱ्याला विचारल्यावर. मी स्वतः यातली जवळपास प्रत्येक चूक केलेली आहे, त्यामुळे हा उपदेश नव्हे, कबुलीजबाब समजा.

हाताची वेळ आणि लेझरची वेळ एका तागडीत घालू नका

हातातल्या स्टॉपवॉचचा एक स्वभाव आहे. खेळाडू हलला हे डोळ्याला दिसतं, मग अंगठा दाबला जातो, म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होतं. शेवटच्या रेषेवर मात्र तो येताना दिसतच असतो, त्यामुळे अंगठा वेळेवर पडतो. सुरुवात उशिरा, शेवट वेळेवर, म्हणून वेळ आपोआप आखडते. ॲथलेटिक्सवाल्यांना हे ठाऊक आहे. शंभर मीटरची हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडायची असेल तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायचे, असा त्यांचा हिशेबच ठरलेला आहे. फुटबॉलमध्ये ४.४ आणि ४.६ यांच्यात करिअरं घडतात-बिघडतात, आणि तिथे हा फरक बिनदिक्कत खपून जातो.

कॉलेज संपवून निघालेल्या निवडक खेळाडूंची चाचणी इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’मध्ये होते. तिथे १९९९पासून इलेक्ट्रॉनिक वेळ घेतात. त्यातही सुरुवातीचं बटण खेळाडूची पहिली हालचाल बघून माणूसच दाबतो, फक्त शेवट किरण तुटल्यावर नोंदला जातो. आणि ‘प्रो डे’, म्हणजे प्रत्येक विद्यापीठाच्या आपापल्या मैदानावरची चाचणी, तिथे बहुतेक वेळा स्काउट लोकांच्या, म्हणजे व्यावसायिक टीमसाठी खेळाडू हेरणाऱ्यांच्या, हातातली घड्याळंच चालतात. टेक्सस विद्यापीठाच्या झेव्हियर वर्दीने २०२४च्या कम्बाइनमध्ये काढलेली ४.२१ ही तिथली विक्रमी वेळ आहे. ऑबर्नच्या बो जॅक्सनची १९८६ची ४.१२ ही हाताची, दंतकथेत जमा झालेली वेळ. या दोघांची शर्यत लावून भांडणारे मी पार्टीत पाहिलेत. जेवण गार होतं, निकाल लागत नाही.

आणखी एक. शंभर मीटरमध्ये घड्याळ बंदुकीच्या आवाजावर सुरू होतं, त्यामुळे धावपटूची दचकून निघण्याची वेळही हिशेबात येते. बर्लिनला २००९मध्ये उसेन बोल्टने काढलेल्या ९.५८मध्ये ०.१४६ सेकंद त्याचेच आहेत. फॉर्टीत बंदूक नाही. खेळाडू मनाला येईल तेव्हा निघतो आणि घड्याळ त्याची वाट बघतं. म्हणून शंभर मीटरमधल्या पहिल्या टप्प्याची वेळ उचलून फॉर्टीशेजारी मांडली की ट्रॅकवाला विनाकारण मंद ठरतो.

हाताची वेळ दिसली की मी मनातल्या मनात निदान एक दशांश सेकंद वाढवतो. घड्याळ खेळाडूच्या वडिलांच्या हातात असेल तर दोन.

फक्त शेवटचा आकडा वाचू नका

चाळीस यार्डांत खरं तर दोन शर्यती असतात. पहिले दहा यार्ड म्हणजे स्फोट, शेवटचे वीस म्हणजे पल्ल्याचा वेग. ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे समोरच्यांना अंगावर घेऊन अडवणारा धिप्पाड गडी, अख्ख्या सीझनमध्ये सरळ चाळीस यार्ड किती वेळा पळणार? त्याचे पहिले दहा बघा. खोल पळणाऱ्या रिसीव्हरचे शेवटचे वीस बघा.

आणि वजन विसरू नका. जॉर्जियाच्या जॉर्डन डेव्हिसने २०२२मध्ये ४.७८ काढली. ऐकायला साधी वाटते, पण गडी ३४१ पौंडांचा, म्हणजे सुमारे १५५ किलोचा! अलाबामाच्या डेरिक हेन्रीने २४७ पौंड वजनासह ४.५४ काढली, तेव्हा ‘ठीक आहे’ म्हणून पुढे गेलेले लोक होते. त्याच हेन्रीने २०२०च्या व्यावसायिक सीझनमध्ये चेंडू घेऊन पळत २,०२७ यार्ड कमावले.

ट्रॅकवरचा राजा मैदानावर राजा असेलच असं धरू नका

बॉब हेज फ्लोरिडा ए अँड एमचा. तिथे तो फुटबॉलही खेळायचा. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण, मग डॅलस काउबॉइज, आणि २००९मध्ये हॉल ऑफ फेम. जिम हाइन्सने १९६८मध्ये मेक्सिकोत ९.९५ धावून इलेक्ट्रॉनिक घड्याळावर दहाच्या आत येणारा पहिला माणूस होण्याचा मान मिळवला. त्यालाही मायामी डॉल्फिन्सने घेतलं, पण त्याची फुटबॉलची कारकीर्द औटघटकेची ठरली. पायांत दोघेही विजेचे. हेजला चेंडू झेलता येत होता, एवढाच काय तो फरक.

उलट बाजूनेही हीच चूक होते. फुटबॉलचा रिसीव्हर डीके मेटकाफ (कॉलेज ओले मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठ) २०२१मध्ये ट्रॅकवर शंभर मीटर धावला, १०.३७ सेकंद, आपल्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक शर्यतीत, शेवटचा. लगेच हसणारे निघाले. २२८ पौंडांचा फुटबॉलपटू धंदेवाईक स्प्रिंटरांशेजारी उभा राहून १०.३७ काढतो, यात हसण्यासारखं काय आहे? आदल्या वर्षी याच माणसाने पॅड्स आणि हेल्मेटसह ताशी २२.६४ मैलांचा (सुमारे ३६ किमी) वेग गाठून, चेंडू घेऊन पळत सुटलेल्या बडा बेकरला मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाजवळ मागून गाठलं होतं. त्याची कम्बाइनची फॉर्टी ४.३३. पण तीन शंकूंना वळसे घालण्याची चाचणी ७.३८ सेकंद, म्हणजे रिसीव्हरच्या मानाने फारच सुस्त. सरळ रेषेत तोफगोळा, वळणावर मालट्रक. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्याच्या टेपमध्ये दोन्ही दिसतात.

टेप खोटं बोलत नाही, पण आपण ती चुकीची वाचतो

इथे जरा थांबू, कारण टेपवाल्या पंथाचा गैरसमज इथेच आहे. ‘डोळ्यांना दिसतं ते खरं’ म्हणतात. डोळ्यांना बरंच काही दिसतं.

लांब टांगांचा खेळाडू रमतगमत चालल्यासारखा दिसतो, तर आखूड पावलं भराभर टाकणारा वीज वाटतो. मी दोनतीन सीझन अशाच भुरभुर पायांच्या एका रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याच्या, प्रेमात होतो. एक दिवस रेषा मोजल्या आणि प्रेम उतरलं.

रेषा मोजायची रीत सोपी आहे. मैदानावर दर पाच यार्डांवर आडवी रेषा असते. खेळाडू सरळ एंड झोनकडे, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवायच्या पट्ट्याकडे, पळतोय असा तुकडा निवडा. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवला की कीबोर्डवरच्या स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या बटणांनी एकेक फ्रेम मागेपुढे करता येते. सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ असेल आणि वीस यार्ड पार करायला ६० फ्रेम लागल्या, तर झाले दोन सेकंद. दहा यार्ड प्रति सेकंद, म्हणजे ताशी साधारण २०.५ मैल किंवा ३३ किलोमीटर. पॅड्ससकट हा चांगलाच वेग आहे.

आता यातली गोम. दोन्ही टोकांना एकेक फ्रेम चुकलात तर साठात दोनची चूक, म्हणजे ताशी पाऊण मैलाच्या आसपास. तेव्हा ‘२१.३ विरुद्ध २१.६’ असले वाद टेपवरून घालू नयेत. व्हिडिओ ६० फ्रेमचा असताना ३० धरलात तर खेळाडू निम्म्या वेगाचा निघेल. आणि तिरकं पळणं! वीस यार्ड पुढे जाताना तो दहा यार्ड बाजूलाही सरकला असेल तर प्रत्यक्षात तो २२.४ यार्ड पळालाय. तुम्ही वीसच मोजलेत, म्हणजे त्याच्यावर अन्याय केलात. आडवं अंतर मोजायला मैदानातल्या हॅश मार्क्सचा, म्हणजे मधल्या भागात लांबीने जाणाऱ्या आखूड खुणांच्या दोन ओळींचा, आधार घ्या.

हॅश मार्क्सवरून आठवलं. कॉलेजच्या मैदानावर त्या दोन ओळींमध्ये ४० फूट अंतर असतं, व्यावसायिक मैदानावर फक्त साडेअठरा. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूटच. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू डाव्या हॅशवर ठेवला की उजवीकडे शंभर फूट रान मोकळं. त्या बाजूला चेंडू घेऊन पळणाऱ्याला वळायला, वेग धरायला ऐसपैस जागा मिळते आणि टेपवर तो भन्नाट दिसतो. पुढच्या पातळीवर ती जागाच नसते. रुंद बाजूच्या धावा जरा वजा करून बघायची सवय लावून घ्या.

समोर कोण होतं हेही बघा. सप्टेंबरमधल्या दुबळ्या टीमविरुद्धच्या मॅचमध्ये सगळेच चित्ते असतात. आणि हायलाइट्स तर बघूच नका. त्यात फक्त सुटलेले टचडाउन असतात. मी शोधतो ते कंटाळवाणे तुकडे: चौथ्या क्वार्टरमध्ये, चेंडू दुसऱ्याच बाजूला असताना हा गडी पाठलागात कसा पळतो? कॉर्नरबॅकने, म्हणजे रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूने, सात यार्ड मागे उभं राहून दिलेलं अंतर तो किती पावलांत खातो? खातो तेव्हा समोरचा घाबरून आधीच पाठ फिरवतो का? कॉर्नरबॅकची पाठ हा मला सगळ्यात प्रामाणिक स्पीडगन वाटतो. पुढच्या मॅचला तोच बचावपटू सातऐवजी दहा यार्डांवर उभा दिसला, तर आणखी पुरावा काय हवा?

दोन्ही साक्षी जुळल्या नाहीत तर

इथे लोक आपल्या आवडत्या साक्षीदाराचं ऐकून मोकळे होतात. २००९मध्ये मेरीलँडच्या डॅरियस हेवर्ड-बेने ४.३० काढली आणि ओकलंड रेडर्सनी त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तिथे, सातव्या क्रमांकावर उचललं. पायाच्या दुखापतीमुळे कम्बाइनमध्ये न पळालेला, पण टेक्सस टेकच्या टेपवर भरभरून दिसलेला मायकल क्रॅबट्री दहाव्या क्रमांकापर्यंत खाली आला. हेवर्ड-बेने पहिल्या सीझनमध्ये नऊ चेंडू झेलले. वॉशिंग्टनचा जॉन रॉस २०१७ला ४.२२ काढून नवव्या क्रमांकावर गेला. पहिल्या सीझनमध्ये त्याच्या नावावर एकही झेल नाही. अर्थात दुखापतीही आड आल्या.

दुसरीकडे फ्लोरिडा स्टेटचा ॲन्क्वान बोल्डिन. २००३ला फॉर्टी ४.७च्या वर, दुसऱ्या फेरीत निवड, आणि व्यावसायिक कारकिर्दीच्या पहिल्याच मॅचमध्ये १० झेल, २१७ यार्ड. ईस्टर्न वॉशिंग्टनच्या कूपर कपने ४.६२ काढली आणि तिसऱ्या फेरीत गेला. २०२१मध्ये त्याचे १४५ झेल आणि १,९४७ यार्ड झाले.

टेपवाल्यांनी एवढ्यात पेढे वाटू नयेत. बोल्डिन आणि कप यांची नावं तोंडपाठ आहेत ती ते अपवाद आहेत म्हणून. ४.७ काढून घरी गेलेल्या रिसीव्हरांची नावं कोणालाच आठवत नाहीत.

घड्याळ वेगवान आणि टेप मंद असेल तर मी आधी डोक्यातला गोंधळ शोधतो. स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू खेळात आल्यावर, हा क्षणभर थबकतो का? रूट, म्हणजे पळण्याचा ठरवून दिलेला मार्ग, माहीत नसल्यासारखा पळतो का? विचार करत पळणाऱ्याचे पाय जड होतात. नव्या कोचकडे किंवा नव्या पोझिशनवर गेलेल्या खेळाडूंत हे सर्रास दिसतं आणि ते सुधारू शकतं. सीझनभर घोटा बांधून खेळत होता का, तेही बघावं. टेप वेगवान आणि घड्याळ मंद असेल तर उलटी चौकशी: चाचणीआधी वजन वाढवलं का, मांडीचा स्नायू धरला होता का, की पळण्याची सुरुवातच कोणी शिकवली नव्हती? फॉर्टीची सुरुवात हे वेगळं कसब आहे आणि त्यासाठी पैसे मोजून महिनोन्‌महिने शिकवण्या लावतात. फ्लोरिडाच्या जो हेडनची कम्बाइनची वेळ ४.५७ आली, कॉर्नरबॅकला ती जरा बेताचीच. तरी २०१०मध्ये क्लीव्हलँडने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं आणि पुढे तीनदा त्याची ‘प्रो बोल’साठी, म्हणजे व्यावसायिक लीगच्या ऑल-स्टार सामन्यासाठी, निवड झाली. तो चेंडूच्या आधी निघायचा. हे घड्याळात कुठे मावणार?

हल्ली पॅड्सखालच्या जीपीएस बनियनचे आकडेही फिरतात, ‘ताशी २२ मैल’ वगैरे. चांगली गोष्ट आहे. फक्त तो क्षणभराचा उच्चांक असतो, आणि सरावात, बिनपॅड्सचा, कोणीही अंगावर न येताही गाठलेला असू शकतो.

शेजाऱ्यांचा मुलगा जूनमध्ये एका कॉलेजच्या कॅम्पला गेला. लेझरवर ४.६६. वडिलांचा चेहरा पडला होता, पण कोचने ईमेलमधल्या आकड्याचा विषयच काढला नाही. फक्त विचारलं, ‘एखाद्या मॅचचा दुसरा हाफ पूर्ण आहे का, न कापलेला?’ त्या रात्री साडेअकरापर्यंत त्यांच्या हॉलमधला लॅपटॉप चालू दिसत होता. सापडलेल्या सगळ्या फाइल्स हायलाइट्सच्याच होत्या.