बॉक्सर भरात असतानाच त्याला कसं बघावं

युक्रेनचा बॉक्सर वासिल लोमाचेन्कोच्या बाबतीत माझी चूक झाली. नोव्हेंबर २०१६ ते डिसेंबर २०१७ या तेरा महिन्यांत त्याच्यासमोर आलेले चारही बॉक्सर (वॉल्टर्स, सोसा, मारियागा आणि रिगाँडो) पुढच्या फेरीसाठी कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठलेच नाहीत. कुणाचा हात दुखत होता, कुणाच्या प्रशिक्षकानेच नको म्हटलं. खरं कारण एवढंच की समोरचा माणूस त्यांना सापडत नव्हता. मी त्या दिवसांत त्याचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे मोबाइलवर बघायचो आणि पूर्ण लढत ‘एकदा निवांत बघू’ म्हणून ठेवून द्यायचो. मे २०१८ मध्ये त्याचा खांदा दुखावला, शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये तो तेओफिमो लोपेझकडून हरला आणि २०२५ मध्ये निवृत्त झाला. मला निवांतपणा मिळाला तोवर पूर्वीचा लोमाचेन्को उरला नव्हता. ज्यांना ही हळहळ नको असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हिशोब मांडा

टेनिसपटूची एखादी मॅच हुकली तर तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोर्टावर दिसतो. बॉक्सरचं तसं नाही. टेरेन्स क्रॉफर्डचंच घ्या. डिसेंबर २०२२ ते सप्टेंबर २०२५ या काळात तो चार वेळा रिंगमध्ये उतरला. पहिली लढत सहाव्या फेरीत संपली, एरॉल स्पेन्सविरुद्धची नवव्या, उरलेल्या दोन पूर्ण बारा फेऱ्या चालल्या. एकूण ३९ फेऱ्या, तीन मिनिटांची एक. म्हणजे पावणेतीन वर्षांत दोन तासांचंही बॉक्सिंग नाही. कानेलो अल्वारेझला हरवून तीन महिने होतात न होतात तोच त्याने निवृत्ती जाहीर केली. ४२ लढती, ४२ विजय.

तेव्हा वेगवेगळ्या वजनगटांतले तीन-चारच बॉक्सर निवडा आणि त्यांच्या पुढच्या लढतीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. सगळे बघायला जाल तर कुणीच नीट बघून होणार नाही. त्यात निदान एक महिला बॉक्सर असू द्या. महिलांच्या बहुतेक जागतिक विजेतेपदाच्या लढती दोन-दोन मिनिटांच्या दहा फेऱ्यांच्या असतात, त्यामुळे अंदाज घेण्यात वेळ जात नाही. केटी टेलर आणि अमांडा सेरानो २०२२, २०२४ आणि २०२५ अशा तीनदा भिडल्या. त्यातली पहिली लढत बघितली की बाकीच्या दोन बघा म्हणून सांगावं लागणार नाही.

लढत पूर्ण बघा, आणि होईल तेव्हाच बघा

निकाल कळल्यानंतर आपण नॉकआउटची वाट बघत बसतो आणि मधलं सगळं वाया जातं. गाजलेल्या क्षणांचे तुकडे तर आणखी फसवे. त्यात ठोसा दिसतो, पण तो बसावा म्हणून आधीच्या चार फेऱ्यांत काय पेरलं होतं ते दिसत नाही. (मराठीत ‘पंच’ म्हणजे निकाल देणारा, म्हणून मी ‘ठोसा’च म्हणतो. नाहीतर पंचांनी पंच पाहून पंचाला गुण दिले, असली वाक्यं लिहावी लागतात.)

लढतीच्या आधी आठवडाभरात त्या बॉक्सरच्या दोन जुन्या लढती बघा. एक सहज जिंकलेली, एक जिथे त्याला घाम फुटला ती. दुसरी जास्त शिकवते. नाओया इनोउए २०१२ पासून व्यावसायिक लढती खेळतोय. मे २०२४ पर्यंत त्याला कुणी खाली पाडलं नव्हतं. टोकियो डोममध्ये लुईस नेरीने पहिल्याच फेरीत डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) पाडलं. इनोउए घाईने उठला नाही. एका गुडघ्यावर बसून राहिला, रेफरीचे आकडे आठपर्यंत जाऊ दिले आणि मग उठला. दुसऱ्या फेरीत त्याने नेरीला पाडलं, पाचव्यात पुन्हा, सहाव्यात लढत संपवली. त्या आठ सेकंदांत तो किती शांत होता ते बघा. त्याच्या दहा नॉकआउटमधूनही हे कळणार नाही.

आवाज बंद करा आणि पायांकडे बघा

समालोचकाचं मत कानावर पडलं की डोळे त्याच्या मागे जातात. प्रत्येक ठोशाला ओरडणाऱ्या प्रेक्षकांचंही तेच, गार्डवर, म्हणजे बचावासाठी धरलेल्या हातांवर, अडलेला ठोसाही त्यांना बसलेला वाटतो. निदान दोन फेऱ्या आवाज बंद करून बघा.

नजर कमरेखाली ठेवा. हात फसवतात, पाय सहसा फसवत नाहीत. डावखुरा, म्हणजे साउथपॉ, उजवा पाय पुढे ठेवून उभा राहतो आणि नेहमीच्या पवित्र्यातला बॉक्सर डावा. दोघं समोरासमोर आले की पुढचे पाय एकमेकांच्या आड येतात. ज्याचा पुढचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पडतो, त्याला मागच्या हाताच्या सरळ ठोशाची वाट मोकळी मिळते. फेरीभर ही जागेची झटापट चालू असते आणि बहुतेकांना ती दिसतच नाही.

ओलेक्सांद्र उसिक हे काम करताना जवळून पाहा. तो साउथपॉ आहे आणि हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटात, लहानखुराच म्हणायचा. तो सतत लहान लहान पावलं टाकत राहतो. स्थिर उभा आहे असं वाटतं, पण टाचा टेकलेल्या नसतात. समोरच्याने जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकायला वजन पुढे घेतलं की हा अर्धं पाऊल बाजूला सरकलेला असतो. टायसन फ्युरी त्याच्यापेक्षा बराच उंच, हातही लांब. तरी मे २०२४ मध्ये रियाधला आठव्या फेरीपासून अंतर ठरवत होता तो उसिकच.

स्वतः गुण द्या

कागद घ्या, बारा ओळी आखा. फेरी जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९. कुणी खाली पडला तर बहुधा १०-८. स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, बचाव आणि रिंगवरचा ताबा, या चार गोष्टी बघायच्या. पहिल्या दोन-तीन लढतींत तुमचे आकडे तीनही जजपेक्षा वेगळे येतील, येऊ द्या. फेरी संपल्या संपल्या लिहा, नंतर खोडू नका.

त्याच रियाधच्या लढतीत नवव्या फेरीच्या शेवटी फ्युरी उसिकचे ठोसे खात दोरांवर आदळत राहिला. पडला नाही, पण दोरांनीच सावरलं म्हणून रेफरीने नॉकडाउन मोजला. निकाल ११५-११२ आणि ११४-११३ असा दोन जजकडून उसिकच्या बाजूने, तिसऱ्याकडून ११४-११३ फ्युरीच्या बाजूने. ती फेरी १०-९ गेली असती तर एका जजचा कागद बरोबरीत निघाला असता आणि अख्खी लढत अनिर्णित. हातात पेन्सिल असली की हे अंगावर येतं.

‘त्या काळातल्यांपुढे हा काय’ हे जरा थांबवा

हे व्यसन मलाही आहे. पण मुहम्मद अलीही एकेकाळी ‘हा काय’च होता. मार्च १९६७ नंतर, वयाच्या पंचविशीत, सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे त्याची साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली. १९७० मध्ये परतला तेव्हा मन तेच होतं, पाय ते नव्हते.

मोठ्या लढतीची वाट बघत बसणंही त्याच जातीचं. मेवेदर-पॅकियाओ लढतीची बोलणी २००९ पासून चालली होती, लढत झाली मे २०१५ मध्ये, एक ३८ वर्षांचा, दुसरा ३६. आणि मेक्सिकोचा जगज्जेता साल्व्हादोर सांचेझ? २१ जुलै १९८२ रोजी त्याने अझुमा नेल्सनला हरवलं. १२ ऑगस्टला मोटार अपघातात गेला. तेवीस वर्षांचा होता.

उतरण लागली की ओळखा

आधी पाय जातात. पूर्वी इंचभराने चुकायचा तो ठोसा आता कपाळाला घासून जातो. तरी बॉक्सर जिंकत असतो, म्हणून आपण मानायला तयार नसतो. रॉय जोन्स ज्युनियरने १ मार्च २००३ रोजी हेवीवेटचं विजेतेपद मिळवलं, मग वजन उतरवून खालच्या गटात परतला आणि १५ मे २००४ रोजी अँटोनिओ टार्व्हरच्या एका डाव्या ठोशाने दुसऱ्याच फेरीत संपला. मधे अवघे साडेचौदा महिने. इनोउएसुद्धा मे २०२५ मध्ये कार्देनासकडून पुन्हा खाली पडला. तीही लढत त्याने आठव्या फेरीत जिंकली, पण साडेअकरा वर्षं न पडलेला माणूस एका वर्षात दोनदा पडला, याची नोंद वहीत करून ठेवा.

आणि अशा लढतीनंतर ‘अजून एक’ म्हणून ओरडणाऱ्यांत सामील होऊ नका. डोक्यावरचा मार साठत जातो, त्याचा हिशोब कुठल्याच जजच्या कागदावर नसतो.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर उसिक-फ्युरीची पहिली लढत लावा. पहिल्या सात फेऱ्या आवाजासकट बघा, गुण देत. आठव्यापासून आवाज बंद करा आणि फक्त उसिकच्या उजव्या पायावर नजर ठेवा.