कीटकभक्षी वनस्पतींची हिवाळी सुप्तावस्था कशी सांभाळावी

दिवस लहान होऊ लागले की व्हीनस फ्लायट्रॅपची नवी पाने आखूड येतात, उभी वाढण्याऐवजी मातीलगत पसरतात, आणि त्यांच्या टोकांवरचे लहानसे सापळे कीटक येऊन बसला तरी फार सावकाश मिटतात किंवा मिटतच नाहीत. जुनी पाने टोकाकडून काळी पडत देठापर्यंत वाळत जातात. सारासेनिया या नळीसारख्या पानांनी कीटक पकडणाऱ्या झाडाच्या उंच नळ्याही वरच्या कडेपासून तपकिरी होऊ लागतात. हे पाहून झाड आजारी पडले असे समजणारे बरेच जण त्याला उबदार खोलीत हलवतात, पाणी वाढवतात, खत देतात किंवा मिटेनाशा झालेल्या सापळ्यांत बळेच किडे भरतात. जे झाड केवळ विश्रांती घेऊ लागले होते, ते अशा उपचारांनीच दगावते. हिवाळ्यात या झाडांना थंडी हवी असते, माफक ओल हवी असते आणि बाकी त्यांच्या वाटेला न जाण्याइतका धीर आपल्याकडे असावा लागतो.

ही गरज त्यांच्या मूळ प्रदेशातून आलेली आहे. व्हीनस फ्लायट्रॅप नैसर्गिकरीत्या केवळ अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना या राज्यांच्या किनारी पट्ट्यात उगवते. तेथे ऐन हिवाळ्यात दिवस जेमतेम 10 तासांचा असतो आणि अनेक रात्री पारा गोठणबिंदूखाली जातो. सारासेनियाच्या सर्व जाती उत्तर अमेरिकेतल्या आहेत आणि त्यांतील सारासेनिया पर्प्युरिया ही तर कॅनडातल्या, हिवाळ्यात पूर्णपणे गोठणाऱ्या दलदलींतही तग धरते. या काळात वाढ थांबवून झाड आपला साठा मातीखालच्या कंदात राखून ठेवते आणि वसंतात त्याच साठ्यावर नवी पाने काढते. थंडी न मिळाल्यास झाड लगेच मरत नाही, आणि त्यामुळेच फसगत होते. ते रडतखडत वाढत राहते, पुढच्या हंगामात पाने लहान आणि मोजकी येतात, किडीला व बुरशीला ते सहज बळी पडते, आणि एखाद-दोन वर्षांत संपते.

मात्र प्रत्येक कीटकभक्षी वनस्पतीला थंडी लागत नाही, म्हणून आपल्याजवळची जात नेमकी कोणती हे आधी पक्के करावे. व्हीनस फ्लायट्रॅप, सारासेनिया, तशाच नळीदार पानांची डार्लिंगटोनिया, ड्रोसेरा रोटुंडिफोलिया, ड्रोसेरा अँग्लिका आणि ड्रोसेरा फिलिफॉर्मिस यांसारखे समशीतोष्ण प्रदेशातले दवबिंदू (पानांवर दवासारखे चिकट थेंब असलेले ड्रोसेरा), तसेच चिकट, पसरट पानांनी कीटक पकडणाऱ्या पिंग्विक्युला व्हल्गारिस आणि पिंग्विक्युला ग्रँडिफ्लोरा यांना थंड हिवाळा आवश्यक आहे. याउलट घटपर्णी म्हणजे नेपेन्थिस, त्याचप्रमाणे ड्रोसेरा कॅपेन्सिस, ड्रोसेरा अ‍ॅडेली, ड्रोसेरा बर्मानी अशा दवबिंदूंना सुप्तावस्था लागत नाही. त्यांना फ्रिजमध्ये ठेवणे म्हणजे त्यांचा जीव घेणे होय. मेक्सिकोतील पिंग्विक्युला हिवाळ्यात लहान, मांसल, न चिकटणाऱ्या पानांचा घट्ट गुच्छ करतात. त्यांना कडक थंडीची गरज नसते, पण पाणी बरेच कमी करावे लागते. ऑस्ट्रेलियातले कंदवर्गीय दवबिंदू तर नेमके उलटे वागतात: ते थंड, ओल्या ऋतूत वाढतात आणि कोरड्या उन्हाळ्यात जमिनीखाली झोपतात. कुंडीवर जातीचे नाव लिहून ठेवण्याची सवय येथे फार उपयोगी पडते, कारण पाने झडल्यावर कोणती कुंडी कोणाची हे ओळखता येत नाही.

उत्तर गोलार्धात सुप्तावस्थेचा काळ साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि दक्षिण गोलार्धात मे ते ऑगस्ट असा धरावा. तीन ते चार महिने 0 ते 10 अंश सेल्सिअस तापमान मिळाले तर उत्तम. दुपारी पारा काही तास त्याहून वर गेला म्हणून बिघडत नाही. झाडाला झोपेची सूचना मिळते ती लहान होत जाणाऱ्या दिवसातून आणि उतरत्या तापमानातून, आणि ती हळूहळू मिळावी लागते. उघड्यावर असलेल्या झाडाच्या बाबतीत हे काम ऋतूच करतो. घरात दिव्याखाली वाढवलेल्या झाडासाठी दिवा रोज काही मिनिटे कमी करत चार-पाच आठवड्यांत 10 तासांच्या आत आणावा आणि त्याच सुमारास कुंडी थंड जागी हलवावी. शरद ऋतूच्या मध्यापासून किडे भरवणे बंद करावे, कारण थंडीत सापळ्यातील पचन अर्धवट राहते, किडा तेथेच कुजतो आणि ती कूज पानातून खाली उतरू शकते.

हिवाळ्यातील मृत्यूंचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण गोठणे हे नसून पाणी हे आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. पाणी कसले द्यावे याचा नियम हिवाळ्यातही बदलत नाही: पावसाचे, डिस्टिल्ड किंवा आरओचे, आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 50 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 50 भागांच्या) आत असलेलेच पाणी वापरावे, कारण साध्या नळाच्या पाण्यातले क्षार मातीत साचून मुळांना मारतात. बदलते ते पाण्याचे प्रमाण. उन्हाळ्यात कुंडीखालच्या ताटलीत दोन-तीन सेंटिमीटर पाणी कायम ठेवणे योग्य असते, कारण पाने भराभर पाणी खेचतात आणि बाष्पीभवनही जोरात चालू असते. थंडीत ही दोन्ही कामे जवळजवळ थांबतात, आणि तेच साचलेले पाणी कंदाभोवतीची हवा बाहेर ढकलून त्याला कुजवते. म्हणून ताटली रिकामी करावी, बोट मातीत पेराएवढे घालून पाहावे, आणि माती थंड व ओलसर लागली पण बोटाला पाणी लागले नाही, तर काहीही करू नये. वरचा थर फिकट होऊन कुंडी उचलताना हलकी लागली की ताटलीत थोडे पाणी घालावे, अर्ध्या तासात कुंडी ते शोषून घेईल, उरलेले ओतून द्यावे. पाने आणि कोंब यांवर वरून पाणी घालू नये. त्याच वेळी माती कडकडीत वाळू देणेही तितकेच घातक आहे. ही दलदलीतली झाडे आहेत, त्यांची मुळे कोरडेपणा सोसत नाहीत.

जागा निवडताना शक्य असेल तर झाड बाहेरच ठेवावे. हलके, रात्रीपुरते गोठणे फ्लायट्रॅप आणि सारासेनिया सहज सोसतात. धोका असतो तो कुंडी दिवसेंदिवस पूर्ण गोठून राहण्याचा, कारण जमिनीतल्या झाडाला भोवतालच्या मातीची ऊब असते, पण लहान कुंडीला चारही बाजूंनी थंडी भिडते. गोठलेल्या मातीतून मुळांना पाणी घेता येत नाही आणि वरून कोरडा वारा सुटला की पाने व कोंब तहानेने वाळतात. पुष्कळदा थंडीने गेले असे वाटणारे झाड प्रत्यक्षात असे वाळून गेलेले असते. म्हणून कडाक्याच्या थंडीत कुंड्या भिंतीच्या आडोशाला एकमेकींना खेटून ठेवाव्यात, मोठ्या खोक्यात बसवून मधल्या जागेत सुकी पाने भरावीत, आणि वर पाइनच्या सुया किंवा पेंढ्याचा दहा सेंटिमीटरचा सैल थर द्यावा. थंडी ओसरताच हा थर काढावा, नाहीतर त्याखाली बुरशी धरते. बाहेर ठेवणे शक्य नसल्यास न तापवलेली खोली, जिन्याची खिडकी किंवा काचेने बंद केलेली गॅलरी चालते. तेथे पाने हिरवी राहत असतील तर त्यांना उजेड मिळालाच पाहिजे. हीटरजवळची खिडकी मात्र टाळावी.

जेथे हिवाळा असा थंड पडतच नाही, तेथे फ्रिज हा खात्रीचा उपाय आहे. झाड शरद ऋतूत मंदावू लागले की ते कुंडीतून अलगद काढून मुळांवरची माती शुद्ध पाण्यात हलवून धुवावी. फ्लायट्रॅप असा धुतला की खाली पांढरट, लसणाच्या पाकळ्यांसारख्या जाड देठांचा गड्डा दिसतो आणि त्यातून थोडीशी काळी, दोऱ्याएवढी मुळे निघालेली असतात. मुळांचा हा काळा रंग नैसर्गिक आहे, तो कुजण्याचे लक्षण नव्हे. गड्डा दोन बोटांत हलकेच दाबून पाहावा: निरोगी असेल तर तो कच्च्या बटाट्याप्रमाणे टणक लागतो, तपकिरी होऊन दबणारा भाग आढळला तर स्वच्छ पात्याने पांढरा भाग दिसेपर्यंत कापून टाकावा. काळी व वाळलेली पाने बुडापासून कापावीत, लांब हिरवी पानेही कापून आखूड करावीत. मग लांब धाग्याचे स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारे, पाणी धरून ठेवणारे शेवाळ) भिजवून मुठीत घट्ट पिळावे आणि पाणी टपकायचे थांबले की ते गड्ड्याभोवती व मुळांभोवती गुंडाळावे, कोंब उघडा ठेवावा. हा गुंडा झिपच्या पिशवीत ठेवून पिशवी बंद करावी, त्यावर जात आणि तारीख लिहावी, आणि ती फ्रिजच्या साध्या कप्प्यात, सुमारे 4 अंशांवर ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात किंवा थंड हवेच्या झोताला लागून ठेवू नये. इतक्या कमी तापमानात उजेडाची गरज उरत नाही. दर दोन आठवड्यांनी पिशवी उघडून पाहावे. करडी लव दिसली तर तो भाग कापून, मॉस बदलून पुन्हा बांधावे. तीन महिने पुरे होतात. कुंडीसकट पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धतही आहे, पण ओल्या मातीत बुरशी लवकर लागते आणि आत काय चालले आहे ते दिसत नाही, म्हणून मी धुतलेल्या मुळांची पद्धतच सुचवतो.

करडी बुरशी, म्हणजे बॉट्रायटिस, मेलेल्या पानावर सुरू होते आणि तेथून जिवंत कोंबावर जाते. त्यामुळे वाळलेली पाने वेळच्या वेळी काढणे हाच खरा बंदोबस्त आहे. हवा खेळती ठेवावी आणि सुप्तावस्थेपूर्वी गंधकयुक्त बुरशीनाशकाची एक फवारणी करावी. तांबेयुक्त औषधे या झाडांना अपायकारक ठरू शकतात, ती टाळावीत. पाने छाटताना मात्र सरसकट कात्री चालवू नये. सारासेनिया फ्लाव्हा शरदात नळी नसलेली, चपटी, लांब पाने काढते, आणि ती बिनकामाची वाटली तरी उजेडातून अन्न तयार करत असतात. सारासेनिया पर्प्युरिया आणि सारासेनिया सिटासिना यांच्या नळ्या तर हिवाळाभर हिरव्या राहतात. जेवढे तपकिरी झाले तेवढेच कापावे.

थंड प्रदेशातले दवबिंदू आणि पिंग्विक्युला यांबाबत सर्वाधिक सावधगिरी हवी, कारण त्यांची सगळी पाने काळी होऊन नाहीशी होतात आणि उरतो तो मातीच्या पृष्ठभागावरचा, घट्ट मिटलेल्या पानांचा वाटाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान हिरवट गोळा. त्याला हिवाळी कळी म्हणता येईल. पिंग्विक्युलाची मुळेही या काळात मरतात, त्यामुळे ती कळी सुटी असते आणि पाण्याच्या धारेने सहज वाहून जाते. रिकामी वाटणारी कुंडी भिंग घेऊन तपासल्याशिवाय कधीही उपडी करू नये. पाण्यात तरंगणारी आल्ड्रोव्हांडा आणि युट्रिक्युलेरिया व्हल्गारिस यांच्याही टोकांना अशाच कळ्या धरतात. त्या थंड पाण्याच्या बरणीत ठेवल्या तरी पुरे.

सुप्तावस्थेचे शेवटचे दोन-तीन आठवडे हा कुंडी बदलण्याचा उत्तम काळ आहे, कारण कोंब अजून हललेला नसतो आणि मुळे दुखावली तरी झाड ते भरून काढते. खत न मिसळलेले पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा भुसा) आणि धुतलेले पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) समप्रमाणात घ्यावे. बागेची माती, कंपोस्ट किंवा खत असलेले तयार मिश्रण वापरू नये. मोठ्या गड्ड्याला दोन-तीन कोंब असतील तर प्रत्येकाला मुळे येतील अशा बेताने ते वेगळे करावेत. फ्रिजमधून काढलेले झाड लगेच कडक उन्हात ठेवू नये. आधी सावलीचा उजेड द्यावा आणि दहा-पंधरा दिवसांत टप्प्याटप्प्याने पूर्ण ऊन द्यावे. नवे कोंब हलू लागले की ताटलीतले पाणी पुन्हा वाढवावे. याच सुमारास कोवळ्या कोंबांवर मावा जमतो, त्यामुळे पाने वाकडी-तिकडी येत असतील तर भिंगाने पाहावे. फ्लायट्रॅपचा फुलाचा दांडा कोंबातून सरळ, गोल टोकाचा वर येतो. झाड अशक्त असेल किंवा बी नको असेल, तर तो पाच सेंटिमीटरचा होताच कापावा.

बियांपासून वाढवलेल्या रोपांना पहिल्या एक-दोन हिवाळ्यांत झोपवले नाही तरी चालते. उबदार जागी भरपूर उजेडात ती वाढतच राहतात, आणि त्यांचा इवलासा कंद फ्रिजमध्ये सहज कुजतो, त्यामुळे कंद पुरेसा जाड होईपर्यंत त्यांना थंडीत न पाठवणे बरे. सारासेनियाच्या बियांना मात्र रुजण्याआधी चार ते सहा आठवडे ओल्या थंडीत राहावे लागते, तेव्हा मोठी झाडे फ्रिजमध्ये असतानाच ओलसर मॉसमध्ये मिसळलेल्या बियांची पिशवी त्यांच्या शेजारी ठेवून द्यावी.