रेसच्या वीकेंडला पहिल्यांदा जाताय? सराव, पोडियम आणि मधला वजनकाटा

रेसिंग टीममध्ये मेकॅनिक किंवा डेटा इंजिनिअर म्हणून नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितेय. अंडरस्टिअर म्हणजे काय, स्लिक आणि वेट टायरमध्ये फरक काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मी ज्युनिअर सिंगल-सीटर गाड्यांवर काम करते. ज्या वीकेंडबद्दल सांगतेय त्यात शुक्रवारी पाऊस पडला, शनिवारी क्वालिफाइंगमध्ये (रेस कुठल्या जागेवरून सुरू करायची ते ठरवणारं सेशन) रेड फ्लॅग, म्हणजे सेशन थांबवण्याची खूण, आला, रविवारी सेफ्टी कार (सगळ्यांना हळू, रांगेत चालवणारी गाडी) आली आणि आमची गाडी तिसरी आली. ही तिसरी जागा टिकली, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. त्याच्या आदल्या सीझनला अशीच एक जागा हातात येऊन गेली होती आणि ते अजून मनातून जात नाही.

शुक्रवारी पाऊस लागला की नवी मुलं हिरमुसतात, दिवस वाया गेला म्हणतात. तसं काही नसतं. ओल्या ट्रॅकवर ब्रेक बॅलन्स कळतो, ड्रायव्हर थ्रॉटल किती हळुवार उघडतो ते डेटात स्पष्ट दिसतं, आणि स्लिकवरून (कोरड्यातले टायर) वेटवर (पावसातले टायर) जाताना पिटमध्ये कोण गोंधळतो तेही कळतं. कळत नाही ती एकच गोष्ट: कोरड्या ट्रॅकवर रेसभर पळाल्यावर गाडी किती हलकी होते. ओल्यात लॅप हळू असतात, इंधन कमी जळतं, टायरही वेगळ्या तऱ्हेने झिजतात. त्यामुळे शुक्रवारचे आकडे रविवारच्या हिशोबाला चालत नाहीत. हे वहीत ठळक लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

अशा वेळी कुणीतरी मागच्या वर्षीचं सेटअप शीट काढतं आणि ‘हेच लावू’ म्हणतं. मला हा शॉर्टकट अजिबात पटत नाही. जुन्या शीटवर स्प्रिंग आणि विंगचे आकडे असतात. त्या दिवशी ट्रॅक किती तापला होता, वारा कुठून होता, ड्रायव्हर कोण होता, हे बहुतेकदा नसतं. शीट वाचा, पण उतरवून काढू नका. सीनिअर निवडतानाही हेच बघा. जुन्या रेसच्या गोष्टी रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतील. जो तुमच्या हातात टॉर्क रेंच देतो, मग प्रत्येक नट स्वतः पुन्हा तपासतो आणि चुकलं तर कारण सांगतो, त्याच्या मागे राहा. तो खडूस असला तरी चालेल.

शनिवारचं थोडक्यात सांगते. आमच्या सीरिजमध्ये टायर वॉर्मर चालत नाहीत, त्यामुळे टायर ड्रायव्हरलाच तापवावे लागतात आणि खरी ग्रिप एक-दोन लॅप गेल्यावर येते. ट्रॅक सुधारत असतो म्हणून शेवटपर्यंत थांबायचा मोह सगळ्यांना होतो. आम्ही आधी एक सुरक्षित लॅप नोंदवून घेतला. सेशन संपायला थोडा वेळ असताना एक गाडी ग्रॅव्हलमध्ये रुतली, रेड फ्लॅग आला आणि थांबलेल्यांना वेळ नोंदवताच आली नाही. आम्ही पाचवे.

रविवारी ट्रॅक कोरडा होता. सुरुवातीला एक जागा मिळाली. सेफ्टी कारमागे टायर आणि ब्रेक थंड पडतात, प्रेशर उतरतं, आणि रीस्टार्टच्या पहिल्या ब्रेकिंगला बरेच जण चाक लॉक करतात. आमच्या पुढचा तसाच बाहेर गेला. तिसरी जागा अशी आली.

आता आदल्या सीझनला आमची जागा घालवणाऱ्या सापळ्याबद्दल. रेस संपल्यावर गाडी पार्क फर्मेत, म्हणजे टीमला गाडीला हात लावता येत नाही अशा बंद जागेत, जाते आणि ड्रायव्हरसह तिचं वजन होतं. किमान वजनापेक्षा किंचितही कमी भरलं तर निकाल रद्द. त्या कमी वजनाने खरंच फायदा झाला का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. 2024 च्या जुलैत बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर एफ-वनच्या (फॉर्म्युला वन) रेसमध्ये मर्सिडीजच्या जॉर्ज रसेलने पहिला नंबर मिळवला होता. इंधन काढल्यावर त्याची गाडी 796.5 किलो भरली, नियम 798 चा होता. दीड किलोपायी विजय गेला आणि तो लुईस हॅमिल्टनला मिळाला. मर्सिडीजसारख्या टीमचं हे होतं, तर आपलं का होणार नाही?

आदल्या सीझनला आमचं असंच झालं. पोडियमवरून ड्रायव्हर खाली आला तेव्हा स्टुअर्ड्सचा, म्हणजे रेसच्या पंचांचा, निकाल रद्द झाल्याचा कागद येऊन थांबलेला होता. वजन नेमकं जातं कुठे, हे मी नंतर बसून एकेक करून मांडलं. इंधन जळतं हे सगळे धरतात, पण सेफ्टी कार आली नाही तर ते अंदाजापेक्षा जास्त जळतं. चारही टायरचं रबर झिजतं. रेसनंतर सावकाश परतताना ट्रॅकच्या कडेला पडलेले रबराचे तुकडे टायरला चिकटतात आणि थोडं वजन परत येतं, पण परतीचा पूर्ण लॅप नसेल तर तेही नाही. ड्रायव्हर घामाने हलका होतो. एफ-वनमध्ये उकाड्याच्या रेसला दोन-तीन किलो सहज जातात. आमच्या रेस छोट्या, तरी बंद हेल्मेट आणि जाड सूट घालून बसणाऱ्याचं वजन उतरतंच. शेवटचं म्हणजे टीमचा काटा आणि अधिकृत काटा एकच आकडा दाखवतील याची खात्री नसते. यातलं एकेक किरकोळ वाटतं. सगळं एकाच दिशेने गेलं की बेरीज अंगावर येते.

म्हणून शुक्रवारीच गाडी अधिकृत काट्यावर नेऊन घ्या. टीमना तपासून घ्यायला तो बहुतेक ठिकाणी खुला असतो. ड्रायव्हरचं वजन रेसच्या कपड्यांत, हेल्मेटसकट, प्रत्येक सेशनच्या आधी आणि नंतर लिहा. कोरड्यात लाँग रन (सलग बरेच लॅप) झाला नसेल तर बॅलास्ट (गाडीत मुद्दाम बसवलेलं जादा वजन) वाढवा आणि इंजिनिअर कुरकुरला तरी मागे हटू नका. एफ-वनमध्ये 10 किलोला लॅपमागे साधारण 0.3 सेकंद असा ढोबळ हिशोब धरतात. त्या हिशोबाने एका जादा किलोची किंमत किती ते तुम्हीच काढा. आपल्या सीरिजमध्ये वजन इंधन काढून होतं की आहे तसं, हेही नियमपुस्तकात स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. इंधनाचं आणखी एक: 2021 ला हंगेरीतल्या एफ-वन रेसमध्ये सेबास्टियन व्हेटेल दुसरा आला, पण तपासणीला लागणारं एक लिटर इंधन टाकीतून निघालं नाही, 0.3 लिटरच निघालं. तो बाद झाला.

या वेळी रेस संपल्यावर मी ड्रायव्हरपाशी उभी राहिले ते कुणी आनंदाच्या भरात त्याला पाण्याची बाटली देऊ नये म्हणून. वजन होईपर्यंत काही प्यायचं नाही, हेल्मेट-ग्लोव्ह्ज कुणाकडे द्यायचे नाहीत. गाडी काट्यावरून नीट पार झाली आणि मग आम्ही पोडियमकडे पळालो.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. वीकेंड बिघडला तरी सावरतो. 2011 ला कॅनडातल्या एफ-वन रेसमध्ये जेन्सन बटन एका टप्प्यावर शेवटच्या जागेवर होता. ती रेस पावसामुळे मध्येच थांबवावी लागली आणि एकूण चार तासांहून जास्त चालली, आणि शेवटच्या लॅपला व्हेटेलला मागे टाकून तोच जिंकला. पहिल्या वीकेंडला तुमच्या वाट्याला बहुधा टायरची ने-आण आणि चाकं पुसणंच येईल. ते करतानाच प्रेशरचा आणि वजनाचा तक्ता भरायचं काम मागून घ्या. कंटाळवाणं म्हणून ते सहसा कुणाला नको असतं, त्यामुळे लगेच मिळेल.