प्राथमिक वर्गात धर्मांची ओळख करून देताना

जिल्हा परिषदेच्या शाळेत धर्माविषयी काही शिकवता येते की नाही, हा प्रश्न नव्या शिक्षकाला पहिल्याच सणाला पडतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ प्रमाणे, पूर्णपणे शासनाच्या निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीवाचून मुलाला अशा शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मात्र धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांतील फरक कोठारी आयोगाने (राष्ट्रीय शिक्षण आयोग, १९६४-६६) स्पष्ट केला होता, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली अरुणा रॉय खटल्यात धर्मांचा अभ्यास या अनुच्छेदाच्या आड येत नाही असाच निर्णय दिला. स्तोत्र पाठ करून घेणे वेगळे आणि ते कोण, कधी व कशासाठी म्हणतात हे समजावून सांगणे वेगळे; पुढील सूचना या दुसऱ्या प्रकारासाठी, मुख्यतः तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी आहेत.

आरंभ वर्गात न करता शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत करावा. पाठांची रूपरेषा एका कागदावर लिहून न्यावी आणि ‘मुलांना नमाज शिकवणार का’, ‘आरती म्हणायला लावणार का’ या शंकांना तेथेच स्पष्ट नकारार्थी उत्तर द्यावे. समितीत बहुसंख्य सदस्य पालकच असल्यामुळे ही चर्चा त्याच दिवशी गावभर पोहोचते, आणि ती शिक्षकाच्या शब्दांत पोहोचलेली बरी.

खरी तयारी भाषेची करावी लागते. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत, आणि शिक्षक नकळत ‘आपल्या धर्मात’ असे म्हणून जातो तेव्हा वर्गातील दोन-चार मुले त्या ‘आपल्या’तून बाहेर पडलेली असतात. म्हणून एक नियम ठरवून घ्यावा: शाळा, गाव, नदी, देश यांच्याविषयी बोलताना ‘आपल्याकडे’ आणि घरच्या रीतीविषयी बोलताना ‘आमच्याकडे’. एखादी मुलगी ‘आमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत’ असे सहज सांगते, कारण त्या शब्दात तिचे घर तिच्याकडेच राहते. शिक्षकाने स्वतः मात्र ‘शीख मानतात’, ‘जैन सांगतात’ अशी वाक्यरचना ठेवावी. आदरार्थी रूपांचाही विचार करावा. मराठीत देवाला एकवचनी हाक मारतात आणि संतांना अनेकवचनी. विठ्ठल येतो, तुकाराम महाराज येतात. मराठी बायबलातही ‘येशू म्हणाला’ असेच आहे, तर मुसलमान घरांत ‘पैगंबर म्हणाले’ असे म्हणतात. ज्या समाजाविषयी बोलायचे, त्याच्याच तोंडचे रूप वापरावे.

पहिला पाठ सणांच्या माहितीचा न घेता कॅलेंडरचा घ्यावा, कारण त्यात कोणाच्या श्रद्धेला हात न लावता बरेच काही शिकवता येते. फळ्यावर रमजान ईदच्या तारखा लिहाव्यात: २०२३ मध्ये २२ एप्रिल, २०२४ मध्ये ११ एप्रिल, २०२५ मध्ये ३१ मार्च. मुले वजाबाकी करतात आणि दोन्ही वेळा ११ दिवस मिळतात. मग शेजारी लक्ष्मीपूजनाच्या तारखा लिहाव्यात: १२ नोव्हेंबर, १ नोव्हेंबर, २१ ऑक्टोबर. येथे वर्गात हमखास गडबड होते, कारण दिवाळीही तेवढेच दिवस मागे सरकलेली असते. तेव्हा २०२६ ची तारीख, ८ नोव्हेंबर, लिहून थांबावे आणि मुलांना त्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये अधिक ज्येष्ठ शोधायला लावावे. चंद्राचे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते. अधिक महिना घालून एक कालगणना ऋतूंशी जुळवून घेते आणि दुसरी तसे करीत नाही, म्हणून रोजे कधी उन्हाळ्यात येतात तर कधी थंडीत. नाताळ का हलत नाही, हे मग मुले स्वतःच सांगतात.

यानंतर दूरच्या गोष्टींऐवजी जवळचे दुवे घ्यावेत. संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे सांगून नकाशावर पंढरपूर, नांदेड आणि नामदेव जेथे राहिले ते पंजाबातील घुमान दाखवले की शीख धर्म परका राहत नाही. कोकणातील बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू लोक, तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. साप्ताहिक विश्रांतीचा दिवस समजावण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही. विजयादशमीला सोने वाटण्याबरोबरच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेल्या धम्मदीक्षेचाही उल्लेख करावा, कारण एकाच दिवशी एकाच गल्लीत दोन घरे दोन कारणांनी सण साजरा करतात.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. वर्गातील एकुलत्या एका मुलाला त्याच्या धर्माचा प्रवक्ता करू नये. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका विद्यार्थ्याला भर वर्गात ‘तुमच्याकडे रोजे कसे धरतात ते सांग’ असे म्हटले. तो उभा राहिला, त्याने सदऱ्याचे खालचे बटण फिरवत ठेवले आणि शेवटपर्यंत एक शब्दही बोलला नाही. आता मी एखाद्या आजीला किंवा वडिलांना आधी भेटून बोलावतो आणि मुलांनी लिहिलेले चार प्रश्न त्यांना आदल्या दिवशी देतो. पूजा, नमाज किंवा बाप्तिस्मा यांचे वर्गात नाटक करवून घेऊ नये, आणि पैगंबरांचे चित्र काढायला कधीही सांगू नये.

‘सर, देव खरंच असतो का?’ हा प्रश्न येतोच. त्यावर आपले मत न देता, काही घरांत एक देव मानतात, काहींत अनेक, काहींत मानतच नाहीत, एवढे सांगून हा प्रश्न घरी विचारण्यास सुचवावे. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, समज तपासावी, श्रद्धा तपासू नये. ‘ईद ऋतू का बदलते?’ या प्रश्नाला गुण देता येतात. ‘तुला कोणता धर्म आवडला?’ हा प्रश्न तोंडीसुद्धा विचारू नये.