भीती सुचवायची कशी

"काहीतरी भीतीदायक सुचव ना" असं कुणी म्हणालं की मी लगेच पुस्तकाचं नाव सांगत नाही. आधी विचारते, "कसली भीती?" समोरचं माणूस गोंधळतं. भीती ती भीती, त्यात कसली काय? पण मी मुद्रितशोधनाचं काम करते, शब्दांच्या बाबतीत जरा खडूस आहे. शिवाय आमचं सहा जणांचं भयवेडं टोळकं आहे आणि गेली अकरा वर्षं कुणी कुणाला काय वाचायला दिलं याची वही माझ्याकडे असते. त्या वहीतल्या फसलेल्या शिफारशी चाळल्या तर पुस्तकच टाकाऊ निघालं असं क्वचित दिसतं. चांगलं पुस्तक भलत्याच माणसाच्या हाती पडलं, असं मात्र पानोपानी आहे.

म्हणून पहिलं काम शब्दांचं. धास्ती म्हणजे होणार आहे, पण अजून झालेलं नाही. त्या दारामागे काहीतरी आहे हे तिसऱ्या पानावर कळतं आणि दार दोनशेव्या पानापर्यंत उघडत नाही. दचका हा क्षणाचा मामला, आणि खरं सांगायचं तर कागदावर तो जमवणं महाकठीण, कारण वाचणाऱ्याची नजर पुढच्या ओळीवर आधीच जाऊन आलेली असते. नुसते दचके हवे असतील त्याला मी सरळ सिनेमा बघायला सांगते. शिसारी म्हणजे शरीराची भीती: कुजणं, वळवळणं, कातडीखाली काहीतरी सरकणं. ही ज्यांना आवडते त्यांना प्रचंड आवडते, बाकीच्यांना ताटावरून उठवते. चौथ्या प्रकाराला मला अजून नेमका शब्द सापडलेला नाही. आम्ही त्याला 'उशिराचं भय' म्हणतो. वाचताना विशेष काही वाटत नाही. दोन दिवसांनी भांडी घासताना मान आपोआप मागे वळते.

इंग्रजीत ॲन रॅडक्लिफ या जुन्या भयकादंबरीकर्तीने टेरर आणि हॉरर यांच्यात अशीच रेघ ओढली होती. तिच्या मृत्यूनंतर, १८२६ मध्ये, छापून आलेल्या लेखात ती म्हणते की पहिल्याने मन विस्तारतं, जागं होतं. दुसऱ्याने ते आक्रसतं, गोठतं. आमच्यात कुणी नवीन आलं की "जागं व्हायचंय का गोठायचंय?" असं थट्टेने विचारतात. थट्टा असली तरी उत्तर कामाचं असतं.

'गूढकथा' मागणाऱ्याची तर उलटतपासणीच घ्यावी. रत्नाकर मतकरींच्या वाचकाला त्या शब्दाचा एक अर्थ माहीत असतो, पण कित्येकांना त्यातून खून, पुरावे आणि शेवटी पकडला जाणारा आरोपी हवा असतो, म्हणजे रहस्यकथा. नारायण धारप आवडतात असं कुणी म्हणालं तर मी पुढे विचारते, समर्थांच्या कथा आवडतात की इतर? समर्थ असले की अमंगळाशी दोन हात करणारं जाणतं माणूस कथेत हजर असतं, वाचकाला धरायला एक हात असतो. ज्याला तो हात लागतो त्याच्यापुढे सगळे दिवे मालवून संपणारी कादंबरी टाकली तर तो तुमचं नाव पुन्हा घेणार नाही.

एवढं विचारूनही अंदाज येत नसेल तर छोटी कथा द्या. मी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची 'द मंकीज पॉ' देते. १९०२ मधली, इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या पंजाची, एका बैठकीत सहज संपणारी. वाचून झाल्यावर "आवडली का?" असं विचारायचं नाही. विचारायचं, "सगळ्यात भीती कशाची वाटली?" कुणी म्हणतं, दारावरच्या ठोठावण्याची. कुणी म्हणतं, पंजाकडे मागितलेल्या त्या दोनशे पौंडांची. पहिल्याला दाराबाहेर काहीतरी असणाऱ्या गोष्टी द्या. दुसऱ्याला अशा द्या, ज्यात माणूस स्वतःच्या तोंडाने मागून घेतो आणि मग फेडत बसतो. हा दुसरा वाचक भुताशिवायही घाबरतो, त्याच्यासाठी निवड सोपी असते. आमच्यातल्या एकाने एकदा "म्हाताऱ्या बाईच्या घाईची" असं उत्तर दिलं होतं. त्याला काय द्यावं ते ठरवायला मला आठवडा लागला.

आता माझी स्वतःची चूक. मी माझ्या वहिनींना स्टीफन किंगचं 'पेट सेमेटरी' दिलं. मला ते अतिशय आवडलेलं, वहिनींना धास्तीच्या गोष्टी आवडतात हेही पक्कं ठाऊक. त्यात लहान मुलाचा मृत्यू आहे, हे ठाऊक होतं. तेव्हा भाचा पावणेदोन वर्षांचा होता आणि नुकताच मोठ्या आजारातून उठला होता, हेही ठाऊक होतं. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. चौथ्या दिवशी पुस्तक परत आलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "पुस्तक चांगलं असेल गं, पण आत्ता मला कशाला दिलंस?" पुढे वाचनात आलं की खुद्द किंगने ते लिहून झाल्यावर आपण फारच पुढे गेलो असं वाटून बाजूला ठेवलं होतं, ते छापून आलं १९८३ मध्ये. लिहिणाऱ्याला जिथे थांबावंसं वाटलं, तिथे मी बिनदिक्कत बाळाच्या आईला ढकललं होतं.

तेव्हापासून मी पुस्तक देताना दोन गोष्टी बघते. कसली भीती, आणि सध्या त्या माणसाच्या घरी काय चाललंय. दुसरी गोष्ट विचारता येत नसेल तर पुस्तकातलं सांगून टाकावं. त्याची रीत सोपी आहे: काय आहे ते सांगा; कुणाला, कधी, कसं हे सांगू नका. "यात लहान मुलाचा मृत्यू आहे." पुरे. "यात आत्महत्या आहे." पुरे. लैंगिक हिंसा, जनावरांचे हाल, गर्भपात, दीर्घ आजार, यांचा न विचारता उल्लेख करावा असं माझं मत आहे. आमच्यातला एक जण रक्तामांसाचं काहीही वाचतो, दर वेळी फक्त एकच प्रश्न विचारतो: "कुत्र्याला काही होतं का?" त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर मिळतं. "हो, पण..." म्हणालात की संपलं.

अशा इशाऱ्याने मजा जाते म्हणणारे भेटतात. २०११ मध्ये लेव्हिट आणि ख्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या होत्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट ठाऊक असणाऱ्यांची मजा कमी झाली नाही, उलट थोडी वाढलीच. मला ते पटतं, पण अर्धंच. भयकथेत शेवट फुटला तरी चालतो. 'आता' फुटता कामा नये. "शेवटी घर जळतं" सांगितलंत तर मी माफ करेन. "सहाव्या प्रकरणात जरा सांभाळून" म्हणालात तर नाही. कारण मग मी पाच प्रकरणं निवांत वाचते आणि सहाव्याला कंबर कसून बसते. धास्तीचा सगळा धंदाच बुडाला.

सध्या काय वाचतोय हे सांगण्याची पद्धतही आम्ही ठरवून घेतली आहे, कारण सुरुवातीला सगळे पुस्तकांच्या मलपृष्ठासारखे बोलायचे. अंगावर काटा येतो, झोप उडते, खाली ठेववत नाही. यातून काय कळतं? काटा थंडीनेही येतो. आता नियम असा: पान सांगा, तिथवर काय झालंय त्याऐवजी तुमचं काय झालंय ते सांगा, आणि निकाल देऊ नका. "पान ८४. अजून काही घडलेलं नाही, पण घरातलं कुणीच त्या खोलीचं नाव घेत नाही. कालपासून मी आमच्या माळ्याकडे बघणं टाळतोय." हे वाचून मला कळतं की संथ पुस्तक आहे, धास्तीचं आहे आणि याला ते लागलंय. "पान २१०. तीनदा डुलकी." हेही तितकंच कामाचं, आणि यात कुणाचा अपमान नाही. निकाल लवकर न देण्याचं कारण म्हणजे भयकादंबऱ्या शेवटी फार घसरतात. पान १०० ला डोक्यावर घेतलेलं पुस्तक पान ३०० ला, पडद्यामागचं सगळं उजेडात आणल्यावर, हास्यास्पद होऊ शकतं. तोवर चौघांनी ते मागवलेलं असतं.

न वाचलेलं पुस्तक सुचवू नये, हे सांगायला लागू नये खरं तर. पण हा रोग जुना आहे. जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर ॲबी' तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस आली. तिच्यात इझाबेला ही मुलगी कॅथरीनला सात भयकादंबऱ्यांची यादी वाचून दाखवते. कॅथरीन खरी आमच्यातली, तिला एकच काळजी: सगळ्या नक्की भयंकर आहेत ना? इझाबेला म्हणते, अगदी नक्की, माझ्या एका मैत्रिणीने सगळ्या वाचल्यात. म्हणजे स्वतः बाईंनी वाचलेल्या नाहीत! (ही सात नावं ऑस्टिनने गंमत म्हणून रचली असावीत असा पुष्कळ वर्षं समज होता. विसाव्या शतकात शोध घेतला तेव्हा सातही पुस्तकं खरी निघाली. कुणीतरी ऐकीव यादीही तपासावी ती अशी.) ऐकीव नाव सांगायला माझी हरकत नाही, फक्त 'ऐकीव' हा शब्द आधी लावा. आमच्या वहीत अशा नावांपुढे मी 'ऐ.' लिहिते.

त्या वहीबद्दल थोडं. तारीख, कुणी, कुणाला, पुस्तक, इतपत सगळेच लिहितात. माझ्या वहीतला सर्वांत मोलाचा रकाना आहे 'कुठे सोडलं'. गुण किंवा तारे देण्यापेक्षा सोडलेलं पान जास्त खरं बोलतं. एकच पुस्तक तिघांनी पन्नासच्या आत सोडलं असेल तर सुरुवात रटाळ आहे, पुढच्याला "साठपर्यंत दम धर" असं सांगून देता येतं. तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी सोडलं तर दोष बहुधा पुस्तकाचा नाही, माझ्या निवडीचा. आणि कुणी शेवटून दहा पानांवर सोडलं असेल तर ते पुस्तक मी आधी स्वतः वाचायला घेते. शेवटाच्या इतक्या जवळ येऊन माणूस का थांबतं? एकाने दिलेलं उत्तर: "संपवलं असतं तर ते खरं झालं असतं."

सोडलेल्या माणसाच्या मागे लागू नका, एवढंच. "अरे, पुढेच तर खरी मजा आहे" हे वाक्य आमच्यात बंद आहे.

सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचायचं असेल तर वेगाची भांडणं होतात. एक जण रात्रीत संपवतो आणि तोंड दाबून बसतो, दुसरी पंधरा दिवस तिसऱ्या प्रकरणात. आम्ही गेल्या वर्षी यावर बरा तोडगा काढला: ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' तारखांप्रमाणे वाचली. १८९७ ची ही कादंबरी रोजनिशी, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रातली कात्रणं यांनी बनलेली आहे, आणि जवळपास प्रत्येक नोंदीला तारीख आहे. जोनाथन हार्करची पहिली नोंद ३ मेची. आम्ही ३ मेला तेवढीच वाचली. छापील क्रम तारखांचा नाही, त्यामुळे आधी कुणीतरी बसून नोंदींची तारीखवार यादी करावी लागते. ती मी केली, व्यवसायाचा गुण. फायदा असा की पुस्तकात लांब लांब पडलेली पानं शेजारी येतात. जोनाथन ड्रॅक्युलाच्या वाड्यात अडकलेला असताना, २४ मेला, त्याच्या वाग्दत्त वधूची मैत्रीण ल्यूसी एका दिवसात आलेल्या लग्नाच्या तीन मागण्यांचं कौतुक पत्रात लिहिते. सलग वाचताना हे कधी जाणवलंच नव्हतं. आणि जोनाथनची रोजनिशी ३१ मेनंतर उघडते ती एकदम १७ जूनला. ते मधले सोळा दिवस आमच्यातले दोघे, जे ही कादंबरी पूर्वी वाचून बसलेले, रोज विचारायचे: "काही कळलं का त्याचं?"

तारखा नसलेल्या पुस्तकाला हा उपाय चालत नाही. तिथे थांबे ठरवा, आणि थांबा प्रकरणाच्या शेवटी ठेवू नका. लेखकाने तिथे ओढ लावून ठेवलेली असते, कुणीही थांबत नाही. प्रकरणाच्या मध्ये, एखाद्या शांत परिच्छेदावर थांबवा.

रात्री साडेदहानंतर आमच्यात पुस्तकावर बोलणं बंद. अपवाद फक्त एका वाक्याचा: "कुणी जागं आहे का?" याला जो जागा असेल त्याने उत्तर द्यायचंच, आणि पुस्तकाबद्दल एक अक्षर न काढता. भाज्यांवर बोला, पावसावर बोला.

वहिनींनी त्यानंतर पाच वर्षं माझ्याकडे पुस्तक मागितलं नाही. गेल्या महिन्यात मागितलं. मी विचारलं, "वहिनी, कसली भीती हवी?" त्यांनी क्षणभर विचार केला. "घरातली नको. मुलंबाळं नकोत. बाहेरची दे, मोकळ्यावरची." मी त्यांना अल्जर्नन ब्लॅकवुडची 'द विलोज' दिली. १९०७ मधली दीर्घकथा: डॅन्यूब नदीवर होडीतून निघालेले दोन मित्र, पूर, वाळूचं बेट आणि चहूकडे झाडं. "यात मुलं नाहीत, घर नाही, एक मृतदेह आहे," एवढंच सांगितलं.

परवा रात्री सव्वादहाला त्यांचा निरोप आला. "मध्यावर आलेय. झाडं आधीपेक्षा जवळ आलीयत का गं, की मलाच वाटतंय?"

मी उत्तर दिलं नाही.