मुलांना मंडळीच्या मिशनकामात घेताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती मंडळ्यांना, म्हणजे इथल्या चर्चना, मिशन म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये या भागात आले, १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. साताऱ्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. पण वानलेसवाडीतल्याच एखाद्या मुलाला विचारून बघा, हे नाव कुणाचं म्हणून. बहुतेक वेळा नकारार्थी मान हलते. मिशन म्हणजे पाळकसाहेबांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं), नाहीतर बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचं काम, असं मुलांना वाटतं. यात दोष मुलांचा नाही, त्यांना या कामात घेताना आपणच चुकतो. मुलाला खरं काम हवं असतं, त्याला झेपेल एवढं. आणि आपण केलेल्या कामाचं पुढं काय झालं, हे त्याला कळायला हवं.

मुलांना नुसतं स्टेजवर उभं करणं

नाताळच्या आधी महिनाभर प्रॅक्टिस, देवदूतांचे पंख, ॲक्शन साँग, टाळ्या, खाऊ. मग ईस्टरपर्यंत मुलांना कुणी विचारत नाही. मिशनसाठी ठेवलेल्या रविवारी, मिशन संडेलाही तेच. एक गाणं म्हणवून घेतलं, फोटो काढला आणि मुलांना खाली बसवलं. कार्यक्रम जरूर करा, मुलांना तो आवडतो. पण वर्षभर तेवढंच झालं, तर मोठ्यांना बरं वाटेल असं काहीतरी करून दाखवणं म्हणजेच मंडळीतलं आपलं काम, असं मूल धरून चालतं.

शास्त्रात असं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू हजारोंना जेवू घालतो, तिथल्या मुलाला कुणी गर्दीपुढं गायला लावलं नाही. त्याच्याजवळच्या पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या कामी आल्या, वाढायचं काम मोठ्यांनी केलं. कुष्ठरोगी सेनापती नामानाच्या घरातली लहान दासी आपल्या मालकिणीशी एक वाक्य बोलली, की शोमरोनातला संदेष्टा त्याला बरं करील, आणि सेनापती शोमरोनाच्या वाटेला लागला. दोघांचीही नावं लिहिलेली नाहीत, पण दोघांवाचून पुढची गोष्ट घडली नसती. मुलांना कार्यक्रमात घेताना याच गोष्टी सांगा, आणि त्याच आठवड्यात हाताला काहीतरी काम द्या.

दाराशी हातात ठेवलेली दहाची नोट

उपासनेला आत शिरताना आई पर्समधून नोट काढते, मुलाच्या मुठीत कोंबते आणि म्हणते, "थैलीत टाक." हे दान आईचं झालं, मुलाचा फक्त हात लागला. त्यातून त्याला द्यायची सवय लागत नाही, नोट पोचवायची लागते.

उपाय सोपा आहे, पण त्याला वेळ द्यावा लागतो. आधी कशासाठी साठवायचं ते मुलांसमोर ठरवा. 'मिशनसाठी' एवढं सांगून भागत नाही. 'मिरजेत दूरच्या गावांहून येणाऱ्या पेशंटांच्या नातेवाइकांना चहा-बिस्किटं' असं सांगितलं की तिसरीतल्या पोरालाही चित्र दिसतं. मग घरोघरी मातीचे गल्ले द्या. खाऊच्या पैशातला रुपया, मामानं दिलेले पाच, रद्दीचे काही, असं मुलाचं स्वतःचं त्यात पडू द्या. आजीनं मूठभर तांदूळ बाजूला ठेवायची जुनी रीत घरात असेल, तर तेही मुलाच्या हातून होऊ द्या.

गल्ले फोडायचा दिवस गडबडीत उरकू नका. सतरंजीवर वर्तमानपत्र पसरा. एकाचे, दोनाचे, पाचाचे ढीग मुलांनाच लावू द्या. पाचवी-सहावीतला एकजण वहीत आकडे मांडेल, दुसरा ते पुन्हा मोजेल, मग खजिनदारांनी सगळ्यांसमोर पावती फाडावी. कुणाच्या गल्ल्यातून किती निघाले हे मात्र जाहीर करू नका. नाहीतर ज्याच्या बापाला आठवडाभर काम मिळालेलं नाही, तो मुलगा पुढच्या रविवारी येणार नाही. सगळ्यांचे पैसे एकाच ढिगात ओता, मग मोजा.

आणि हिशेब परत आणा. बहुतेक मंडळ्यांत हाच भाग राहून जातो. किती पुडे आले, कुणी वाटले, घेणारी माणसं काय म्हणाली, हे दोन आठवड्यांच्या आत मुलांना सांगा. त्यांना कळलंच नाही, तर पुढच्या वर्षी गल्ले रिकामे येतील आणि आपण म्हणू, हल्लीच्या मुलांना आस्था नाही.

कीव करायला शिकवणं

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की मजुरांच्या टोळ्या येतात, कोप्या (त्यांच्या झोपड्या) पडतात. चांगल्या मनाची माणसं संडे स्कूलच्या मुलांना घेऊन जुने कपडे वाटायला जातात. मुलांच्या हातून पिशव्या देतात आणि फोटो काढतात. त्या कोपीतलं मूल आपल्याच मुलांच्या वयाचं असतं. बटणं तुटलेला शर्ट अनोळखी मुलाच्या हातून घेताना त्याला काय वाटत असेल, हे आपण विचारातच घेत नाही. आपली मुलं त्या दिवशी शिकतात ते एवढंच, की आम्ही देणारे आणि ते घेणारे.

आधी टोळीच्या मुकादमाला आणि तिथल्या बायकांना विचारा, काय लागतं. शक्य असेल तिथं मुलांना बरोबरीनं खेळू द्या. क्रिकेटला बॅट आणि बॉल पुरे. काही द्यायचंच असेल तर मोठ्यांनी मोठ्यांच्या हातात द्यावं. तिथल्या मुलांचे फोटो काढू नका, मंडळीच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

दवाखान्याचंही तसंच. लहान मुलांना वॉर्डात नेऊ नये, संसर्गाची भीती दोन्ही बाजूंनी असते. मुलांनी कार्डं बनवावीत, मोठ्यांनी ती नेऊन द्यावीत. मिरजेत कर्नाटकातले पेशंट पुष्कळ, तेव्हा मंडळीत कन्नड बोलणारं कुटुंब असेल तर त्यांच्याकडून एक ओळ कन्नडमध्ये लिहून घ्या आणि मुलांना ती बघून काढू द्या. त्या वेलांटीदार अक्षरांवर मुलं मान खाली घालून बसतात, कारण हे कुणीतरी वाचणार आहे हे त्यांना माहीत असतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. असा पूर परत आला तर मुलांना पाण्याजवळ नेऊ नका. आत बसून मदतीची पाकिटं भरायचं काम त्यांना उत्तम जमतं. यादी भिंतीवर लावा: साबण, कंगवा, मेणबत्ती, काडेपेटी. एकानं भरायचं, दुसऱ्यानं तपासायचं.

वर्गमित्रांना वाटायला मुलाजवळ धर्मप्रचाराची पत्रकं देणं

हे करू नका. आपलं मूल शाळेत एकटं असतं. मोठ्यांनी घ्यायची जबाबदारी त्याच्या दप्तरात घालणं अन्याय आहे. वर्गात वाद झाला, घरी तक्रार गेली, तर ते त्यालाच निस्तरावं लागतं. कुणी विचारलं तर आपण काय मानतो हे त्यानं खुशाल सांगावं. विश्वास लपवायला शिकवू नका, पण त्याला प्रचारकही करू नका.

मे महिन्याच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत शेजारची मुलंही येतात. आनंदानं घ्या, पण आई-वडिलांना घरी जाऊन भेटा, काय शिकवणार ते मोकळेपणानं सांगा आणि लेखी संमती घ्या. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असं संविधानाचं २८ वं कलम सांगतं. आपला वर्ग शाळेचा नसला तरी ही मर्यादा आपणही पाळावी. ख्रिस्ताकडे येणाऱ्या मुलांना अडवू नये हे खरं, पण त्यांना आई-बापांच्या नकळत आणणंही योग्य नाही.

"आपलीच माणसं आहेत" म्हणून सोडून देणं

मुलांबरोबर एकटा मोठा माणूस कधीच नको, कायम दोघं हवेत, मग ते पाळकसाहेब असोत नाहीतर वडीलजन (मंडळीचे ज्येष्ठ कारभारी). मुलानं काही त्रास सांगितला तर तो मंडळीतल्या मंडळीत मिटवायचा नसतो. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं, लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, लपवणं हा गुन्हा आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर वर्गाच्या भिंतीवर मुलांना दिसेल असा लावा.

सगळं करूनही अडतंय?

त्याच दोन-तीन मुली सगळं करतात, बाकीचे बघत बसतात. अशा वेळी कामं चिठ्ठीवर लिहा आणि पाळीपाळीनं द्या. आग्रह करत बसू नका.

मुलं उत्साहानं सुरुवात करतात आणि महिन्याभरात गळतात. बहुधा काम फार लांबलेलं असतं. वर्षभराचा संकल्प लहानांना पेलत नाही, सहा रविवारांत संपेल एवढंच हाती घ्या.

आठवी-नववीची मुलं येणंच बंद करतात. त्यांना चौथीतल्या पोरांबरोबर बसवलं तर ती येणार नाहीतच. त्यांना माइक, स्पीकर, हिशेबाची वही किंवा लहानांचा एक गट सांभाळायला द्या, आणि चुकली तर चारचौघांत बोलू नका. वडीलजनांच्या बैठकीत मिशनचा विषय असेल तेव्हा त्यातल्या दोघांना बोलवा. लहानांच्या गल्ल्यांचा हिशेब तिथं त्यांनाच मांडू द्या.